आई-बाबांसाठी किनारी रेडवुडचे जंगल : म्यूर वूड्स की उत्तरेकडील राष्ट्रीय उद्यान?

सांजसावली यांचा प्रश्न

नमस्कार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझे आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे कॅलिफोर्नियातील सनीव्हेलला दोन महिन्यांसाठी येत आहेत. बाबांची सगळी नोकरी वनखात्यात झाल्यामुळे त्यांनी गोल्डन गेट पुलाबद्दल अवाक्षरही विचारलेले नाही. ‘रेडवुड पाहायचा आहे’ एवढी एकच मागणी त्यांनी फोनवर तीनदा केली आहे. आईच्या गुडघ्याची गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली असून सपाट वाटेवर ती अधूनमधून बसत मैलभर चालू शकते, चढ-उतार मात्र तिला झेपत नाहीत. सोबत आमचा सहा वर्षांचा मुलगा असेल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचे म्यूर वूड्स एका दिवसात पाहून होईल, पण तेथे गर्दी फार असते असे ऐकले आहे. जगातील सर्वांत उंच झाड उत्तरेला, ओरेगनच्या सीमेजवळच्या रेडवुड राष्ट्रीय उद्यानात आहे. ते झाड बाबांना दाखवता येणार असेल, तर एवढा लांबचा प्रवास करावा का? शिवाय ज्याच्या बुंध्यातून मोटार जाते अशा झाडाचे छायाचित्र बाबांनी तरुणपणी कोठेतरी पाहिले होते. ते झाड यांपैकी कोणत्या जंगलात आहे?

रानवाटा यांचे उत्तर

सर्वांत उंच झाडाचा विचार आधी मनातून काढून टाकावा, असे सुचवतो. 2006 साली सापडलेले ‘हायपेरियन’ हे झाड सुमारे 116 मीटर उंच आहे खरे, परंतु त्याच्यापर्यंत जाणारी अधिकृत वाट कधीच नव्हती. हौशी लोकांनी झुडपे तुडवत आपापल्या वाटा पाडल्या, मुळांभोवतीची माती दबली, खालचे नेचे नाहीसे झाले आणि अखेर 2022 साली तो भाग बंद करण्यात आला. आता तेथे गेल्यास 5,000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दाट जंगलात बुंध्यापाशी उभे राहिल्यावर शेंडा बहुधा दिसतच नाही, त्यामुळे 116 मीटर आणि 80 मीटर यांतला फरक डोळ्यांना फारसा कळतही नाही. म्यूर वूड्समधील सर्वांत उंच झाड 258 फुटांचे, म्हणजे मुंबईच्या राजाबाई टॉवरपेक्षा थोडेसेच बुटके आहे. मान दुखेपर्यंत वर पाहायला तेवढे पुरते.

बाबांनी पाहिलेले छायाचित्र बहुधा योसेमिटीमधील वावोना झाडाचे असावे. 1881 साली त्याच्या बुंध्यात बोगदा खणला गेला आणि 1969 साली ते कोसळले. पण तो किनारी रेडवुड नव्हता. तो सिएरा नेवाडा डोंगरातला जायंट सिकोया, म्हणजे याच कुळातला, घेराने अधिक पण उंचीने कमी असलेला वृक्ष होता. बुंध्यात बोगदा असलेला किनारी रेडवुड पाहायचाच असेल, तर 101 क्रमांकाच्या महामार्गावर लेगेट येथे खासगी मालकीच्या जागेत एक आहे.

म्यूर वूड्सची मुख्य वाट ओढ्याच्या काठाने जाते आणि बहुतांश सपाट आहे. ओढ्यावर चार पूल असल्यामुळे आई थकल्या तर कोणत्याही पुलावरून पलीकडे जाऊन परत फिरता येते. मात्र 2018 सालापासून तेथे मोटार लावण्यासाठी किंवा शटल बससाठी आगाऊ आरक्षण अनिवार्य आहे आणि प्रवेशशुल्क त्याव्यतिरिक्त भरावे लागते. आरक्षणाची प्रत घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावी, कारण तेथे रेंज नसते. उद्यानात डबा उघडून बसण्यास मनाई आहे. खाणे उपाहारगृहाच्या परिसरातच उरकावे लागते.

बाबांना तेथील इतिहासही सांगावा. ओढ्यावर धरण बांधण्यासाठी एक पाणीपुरवठा कंपनी ही जमीन संपादित करू पाहत होती, तेव्हा जमिनीचे मालक विल्यम केंट आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांनी 295 एकर जंगल थेट केंद्र सरकारला देऊन टाकले आणि 1908 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. केंट यांनी त्याला स्वतःचे नाव न देता निसर्गरक्षणासाठी झटणारे लेखक जॉन म्यूर यांचे दिले.

चिंचगूळ यांचे उत्तर

सांजसावली ताई, सनीव्हेलहून म्यूर वूड्सला जायचे म्हणजे सबंध सॅन फ्रान्सिस्को ओलांडणे आले. त्यापेक्षा फेल्टनजवळचे हेन्री काउएल उद्यान तुम्हाला जवळ पडेल. तेथील जुन्या रेडवुडमधून जाणारी वाट जेमतेम 0.8 मैलांची आणि अगदी सपाट आहे. सर्वांत उंच झाड सुमारे 277 फुटांचे, म्हणजे म्यूर वूड्समधल्यापेक्षाही उंच आहे, आणि फ्रीमाँट नावाच्या पोकळ झाडाच्या पोटात शिरल्यावर तुमचा मुलगा बाहेर यायला तयार होणार नाही. तेथे बाकावर बसून निवांत थालीपीठ खाता येते. मात्र 17 क्रमांकाच्या रस्त्यावर वळणे फार असल्याने थालीपीठ पोहोचल्यावरच द्यावे.

बाबा वनखात्यातले आहेत म्हणून एक वेगळी सूचना करते : त्यांना बिग बेसिनही दाखवा. 1902 साली स्थापन झालेले कॅलिफोर्नियातील हे सर्वांत जुने राज्य उद्यान ऑगस्ट 2020 च्या वणव्यात जवळजवळ सगळे होरपळले आणि जुलै 2022 मध्ये अंशतः पुन्हा उघडले. तेथे सावली कमी आहे आणि पहिल्या दृष्टीला मन खट्टू होते, पण काळवंडलेल्या बुंध्यांना खालपासून वरपर्यंत हिरवे धुमारे फुटलेले दिसतात. आपल्याकडे सागाच्या खुंटाला फुटवे येतात हे बाबांनी आयुष्यभर पाहिले असेल, परंतु सूचिपर्णी वृक्षांत हा गुण विरळा आहे आणि रेडवुडमध्ये तो ठासून भरलेला आहे. जुना वृक्ष गेला तरी त्याच्या बुडाभोवतीचे फुटवे वाढून मोठ्या झाडांचे रिंगणच तयार होते. असे रिंगण ओळखण्याचा खेळ मुलासाठीही चांगला आहे.

उत्तरेचे धुके यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तरी दोन महिने हाताशी असताना उत्तरेकडे अजिबात जाऊ नये, हे मला पटत नाही. राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाण्याची गरज नाही. सुमारे पाच तासांच्या अंतरावर हंबोल्ट रेडवुड्स राज्य उद्यान आहे, आणि त्यातून जाणाऱ्या ‘ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ या सुमारे 31 मैलांच्या रस्त्यावरून आईंना मोटारीत बसूनही जंगल पाहता येईल. शेंडा दिसत नाही ही रानवाटा यांची अडचण तेथील फाउंडर्स ग्रोव्हमध्ये सुटते, कारण मार्च 1991 मध्ये कोसळलेला डायरव्हिल जायंट तेथे आडवा पडलेला आहे. साडेतीनशे फुटांहून उंच असलेल्या या वृक्षाच्या कडेने चालू लागले की उंची पायांनी मोजता येते, आणि उखडलेल्या बुडाशी पाहिल्यावर एवढ्या उंच झाडाला सोटमूळ नव्हते हे बाबांना सांगावे लागणार नाही. ही मुळे फार खोल जात नाहीत, आडवी दूरवर पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात.

एक मुक्काम किनाऱ्यावरच्या युरेका शहरात करावा. दुसऱ्या दिवशी आईंना उत्साह असेल तरच पुढे प्रेअरी क्रीकपर्यंत जावे. तेथील ‘बिग ट्री’ मोटारीतून उतरल्यावर दोन-तीन मिनिटांच्या सपाट वाटेवर आहे आणि परिसरातील कुरणांत सांबराहून मोठे रूझवेल्ट एल्क चरताना दिसतात. त्यांच्याजवळ जाऊ नये.

सांजसावली

सर्वांचे आभार. जूनमध्ये हेन्री काउएल, बाबांनी मनावर घेतले तर बिग बेसिन आणि जुलैत दोन मुक्काम करून हंबोल्ट, असे ठरवत आहे. म्यूर वूड्स तूर्त बाजूला ठेवते. जुलैत हंबोल्टकडे उकडेल का?

उत्तरेचे धुके

युरेकाला उकडणार नाही. उन्हाळ्यात समुद्रावरून आलेले धुके किनाऱ्यावर दुपारपर्यंत रेंगाळते, आणि पाऊस नसताना रेडवुडला ओलावा मिळतो तो या धुक्यातूनच. ॲव्हेन्यू मात्र आतल्या बाजूला असल्यामुळे दुपारी ऊन लागते. सावलीत शिरले की पुन्हा गारवा. आईंसाठी स्वेटर, कानटोपी आणि घडीची खुर्ची मोटारीत ठेवा. मुलाला वाट सोडून झुडपांत शिरू देऊ नका, कारण तीन-तीन पानांच्या पॉयझन ओकचा स्पर्श झाल्यास अंगावर खाजरे पुरळ उठते. पेट्रोलची टाकी महामार्गावरच्या मोठ्या गावातच भरून घ्या.