न्योस: शांत दिसणारं तळं
जीवघेण्या तळ्यांचा विषय निघाला की टांझानियातल्या खारट नॅट्रॉन तळ्याचं नाव येतं, त्यात आफ्रिकेतल्याच कॅमेरूनच्या न्योसची भर घालतो. ज्वालामुखीच्या विवरातलं हे तळं, खालून झिरपलेला कार्बन डायऑक्साइड तळाच्या पाण्यात साठलेला. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकदम उसळला, हवेपेक्षा जड म्हणून दरीतल्या गावांत उतरला आणि सुमारे १७०० माणसं गुदमरून गेली. गुरंढोरं वेगळीच.

असा जड वायू जुन्या आडातही साठू शकतो, म्हणून आमच्या मराठवाड्यात आडात गाळ काढायला उतरण्याआधी दोरीला पेटता कंदील बांधून सोडतात. विझला तर कुणी उतरायचं नाही. (तरी घाईत उतरून जीव गमावणारे आहेतच, फार वाईट वाटतं.)

न्योसमधला वायू २००१ पासून नळ्या टाकून हळूहळू काढतात. मला खरी धास्ती रवांडा-काँगो सीमेवरच्या किवू तळ्याची वाटते: तिथे कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला मिथेन, आणि काठावर लाखोंची वस्ती.