शब्दचर्चा : ‘माफी’ की ‘अभय’?

दारव्हा : आमच्या वाचनालयात दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगावर बोलायचं आहे. ऐकायला शेतकरी आणि स्पर्धा परीक्षेची पोरं. डेस्मंड टुटू अध्यक्ष असलेल्या या आयोगाने वर्णद्वेषी राजवटीतल्या गुन्ह्यांसाठी जी ‘ॲम्नेस्टी’, म्हणजे खटला-शिक्षेतून सूट, दिली, तिला सगळे ‘माफी’ म्हणतात. मला खटकतं. दुसरा शब्द आहे का?

मूर्तिजापूर : भाऊ, खटकते ते बराबर हाये. माफी म्हंजे एकानं मांगाची न दुसऱ्यानं द्याची. शेजाऱ्याच्या बैलानं पऱ्हाटी खाल्ली, तो येऊन म्हनते ‘चुकलं’, आपन म्हनतो ‘जाऊ दे’. तिकडं कोनी मांगतली का?

आर्वी : काहींनी मागितली, पण तशी अट नव्हती. 1995 च्या कायद्यात मुख्य मागणी दोन गोष्टींची : कृत्यामागे राजकीय हेतू असावा आणि सगळी हकीकत काही न लपवता सांगावी. पश्चात्ताप दाखवायची सक्ती नाही, मेलेल्याच्या घरच्यांची संमतीही लागत नव्हती. एकदा मिळाली की खटला नाही, भरपाईचा दावाही नाही. वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको पोलिसांच्या ताब्यात मेले होते; त्यांच्या कुटुंबाने याला घटनात्मक न्यायालयात आव्हान दिलं आणि 1996 मध्ये ते हरले. मात्र बिकोंच्या मृत्यूबाबत अर्ज केलेल्या पोलिसांना 1999 मध्ये नकारच मिळाला. सात हजारांहून जास्त अर्जांपैकी बहुतेक नामंजूर झाले. म्हणून मी ‘अभय’ म्हणेन. अभय सत्ता देते, त्यात मनं जुळल्याचा दावा नसतो.

मूर्तिजापूर : ताई, शब्द चांगला हाये, पन ‘अभय’ म्हनसान त आमच्या गावात लोक लाईट बिल घेऊन येतीन. अभय योजना म्हंजे व्याज माफ, येवढंच ठाऊक हाये!

आर्वी : हसले, पण मुद्दा खरा आहे.

पुसद : वकिली करतो म्हणून सांगतो, ‘माफी’ला इतक्या लवकर घालवू नका. कोर्टातला ‘माफीचा साक्षीदार’ आठवा. त्यालाही पश्चात्तापाची अट नाही, अट एकच, घडलेलं सगळं खरं सांगायचं. लपवलं तर माफी जाते. गावातल्या माणसाला हा शब्द पक्का ठाऊक असतो. फरक इतकाच की तो साथीदारांविरुद्ध साक्ष देतो, आफ्रिकेतला अर्जदार स्वतःच्याच कृत्याबद्दल बोलत होता आणि गंभीर प्रकरणांत ते जाहीर सुनावणीत, पीडितांच्या देखत.

दारव्हा : वकीलसाहेब, हे डोक्यातच आलं नव्हतं. मग ‘माफी’ ठेवतो आणि सुरुवात माफीच्या साक्षीदारापासून करतो. आणखी एक. अर्जेंटिनाचा भाग थोडा आहे. लष्करी राजवट गेल्यावर 1983 मध्ये तिथे आयोग नेमला, त्याने 8,961 ‘बेपत्ता’ लोकांची नोंद केली. हा शब्द चालेल ना?

आर्वी : नाही चालणार. बेपत्ता तर रागावून घर सोडलेला मुलगाही होतो. इथे सरकारच्या माणसांनी उचलून नेलं आणि पुढे नाकारलं. स्पॅनिशमध्येही ‘नाहीसं होणं’ हे क्रियापद लोक ‘त्याला नाहीसं केलं’ असं वापरू लागले. तुम्ही ‘गायब केलेले’ म्हणा.

मूर्तिजापूर : हे आवडलं. ‘गायब केला’ म्हनलं का पुढचा सवाल आपोआप येते, कोनं केला?