फेरोइलेक्ट्रिसिटीला 'लोहविद्युत' चालेल काय?

रंकाळाकर: विज्ञान दिनाच्या भित्तीपत्रकासाठी एक लेख मराठीत करालोय. विषय, चुंबकीय स्फटिकांतली फेरोइलेक्ट्रिसिटी. 'फेरोमॅग्नेटिझम'ला लोहचुंबकत्व म्हणतात, त्याच चालीवर 'लोहविद्युत' लिहिलं. मामा शिरोलीत फौंड्रीत हाईत. वाचून म्हणाले, "ह्यात लोखंड किती टक्के?" आता काय सांगू?

निवृत्त_मास्तर: मामांना साखर द्या. हा गुण जोसेफ व्हॅलासेक यांना १९२०च्या सुमारास रोशेल मिठात सापडला. त्यात सोडियम आहे, पोटॅशियम आहे, लोखंड औषधालाही नाही. बाहेरचं विद्युतक्षेत्र काढलं तरी ध्रुवीकरण, म्हणजे धन आणि ऋण भार एकमेकांपासून सरकलेले असणं, टिकतं आणि क्षेत्र उलटं लावलं की तेही उलटतं. लोहचुंबकाशी एवढ्याच साम्यामुळे 'फेरो' चिकटलं.

शब्दवेल्हाळ: मग 'अयोविद्युत' करा. अयस् वरून अयस्कांत, तसं.

उद्यमनगरी: वा! लोखंड नको म्हणून संस्कृतातलं लोखंड आणलं.

शब्दवेल्हाळ: बरं, 'चिरध्रुवी'?

निवृत्त_मास्तर: ध्रुवीकरण तर इलेक्ट्रेट नावाच्या पदार्थांतही टिकतं. इथे खरी मेख उलटवता येण्यात आहे, आणि तीच तुमच्या शब्दातून गळते. गंमत म्हणजे बिस्मथ फेराइटमध्ये लोखंड आहे, पण तिथलं ध्रुवीकरण मुख्यतः बिस्मथमुळे. लोखंडाकडे चुंबकत्वाचं खातं.

रंकाळाकर: माझ्या लेखात टर्बियम मँगनाइट हाय. साधारण २८ केल्विनच्या खाली त्यातले स्पिन, म्हंजे इलेक्ट्रॉनच्या अंगचे बारके चुंबक, मळसूत्रासारखे फिरत मांडले जातात. त्या मांडणीनं स्फटिकाची सममिती मोडते आणि ध्रुवीकरण उगवतं. चुंबकीय क्षेत्र लावलं की ध्रुवीकरणाची दिशा ९० अंशांत वळते, हे २००३ साली जपानी गटानं दाखवलं. म्हंजे वीज चुंबकाच्या पोटातनं आली. पुढं तांब्याच्या स्पिन-अर्धा साखळ्या, क्वांटम चुंबक, सगळं हाय.

शब्दवेल्हाळ: 'स्पिन' काय, 'क्वांटम' काय! परिवलन आणि पुंज हे शब्द झिजले का? सावरकरांचा 'महापौर' रुळलाच ना?

उद्यमनगरी: रुळला, कारण तो रोज बोलायला लागतो. 'पुंजचुंबक' चारदा भरभर म्हणून दाखवा. आणि परिवलन पृथ्वीचं असतं, इलेक्ट्रॉन काय स्वतःभोवती गरगरत नाही. फेरोइलेक्ट्रिकच लिही भावा.

शब्दवेल्हाळ: म्हणजे उद्या बिडालाही कास्ट आयर्नच म्हणायचं.

उद्यमनगरी: म्हणतोच की, बिलावर. भट्टीपाशी बीड. दोन्ही चालतंय.

माहेर_कागल: बिडावरनं आठवलं, जुना बिडाचा तवा गंजलाय. परत वापरता येईल का?

उद्यमनगरी: घासून कोरडा करा, तेलाचा हात फिरवून मंद आचेवर तापवा. दोन-तीनदा करा. पहिली धिरडी चिकटणारच.

रंकाळाकर: अहो, मामांना काय सांगू?