नरसाळ्याची एक बाजू कुठे गेली?

रामबागकर:
दिवाळीची साफसफाई करताना पीएचडीच्या वेळची फाइल सापडली. इंदूरच्या किराणा दुकानांत कामाला असलेल्या पोरांचं वेतन वाढलं तर नोकऱ्या जातात का? माझं उत्तर : फरक दिसत नाही. गाइड म्हणाले, "यात छापण्यासारखं काय आहे? प्रकरण गाळा." गाळलं.

डुकुलियागोस आणि स्टॅन्ली या अर्थतज्ज्ञांनी २००९ साली अमेरिकेतल्या किमान वेतनावरचे ६४ अभ्यास घेतले आणि त्यांतले १,४७४ अंदाज (वेतन वाढलं की नोकऱ्या किती घटतात-वाढतात याचे) एका आलेखावर मांडले. वर नेमके अंदाज, खाली ढोबळ. पालथ्या नरसाळ्यासारखा पसारा दोन्हीकडे सारखा हवा. निघालं काय, तर 'नोकऱ्या घटतात' ही बाजू गच्च, दुसरी विरळ. आणि सगळ्यांत नेमके अंदाज शून्यापाशी. म्हणजे तसे निकाल छापलेच जात नसावेत; माझ्या फाइलीची जागा त्या विरळ भागात आहे. सुटा पेपर हातात धरून धोरणावर भांडणं आता पुरे.

सराफ्यातलं घुबड:
भिया, वेगवेगळी राज्यं, वेगवेगळे काळ, सगळं एकाच कढईत? नरसाळं वाकडं म्हणजे लपवाछपवीच, हे कशावरून? जिथे फटका खरंच मोठा होता तिथले नमुने लहान असतील, तरी आलेख असाच दिसेल. त्यापेक्षा एकच धड अभ्यास बघा. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीत तासाचं किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात नाही. कार्ड आणि क्रूगर यांनी दोन्हीकडची ४१० फास्ट-फूड दुकानं तपासली. नोकऱ्या घटल्या नाहीत. १९९४ चा पेपर.

छप्पनवाली ताई:
त्याच न्यू जर्सीची पगारपत्रकं काढून न्यूमार्क आणि वॉशर यांनी २००० साली उलटं सांगितलं की हो! आता कुठला 'एकच' धरायचा?

रामबागकर:
आणि घुबडराव, तुमच्याच कार्ड-क्रूगरनी १९९५ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले होते. वर्षं सरतात तशी आकडेवारी वाढते, म्हणजे टी-मूल्यही (परिणाम संभाव्य चुकीच्या किती पट आहे, ते) वाढायला हवं. ते घटलं होतं, २ च्या आसपास घुटमळत होतं. २ ओलांडलं की पेपर छापला जातो, हे ठाऊक असलेल्या माणसांचे आकडे आहेत ते.

सराफ्यातलं घुबड:
रोग मान्य. औषधावर माझा भरवसा नाही. प्रमाण-त्रुटी (अंदाजातली संभाव्य चूक) शून्य असती तर उत्तर काय आलं असतं, हे तुम्ही नरसाळ्यातल्या ठिपक्यांमधून रेषा ओढून काढता. रेषा सरळ ओढायची की वाकडी, हे ठरवणारा पुन्हा माणूसच. त्यालाही पेपर छापायचाय.

रामबागकर:
बरोबर आहे, तिथे मीही अडतो. तूर्त फाइल स्कॅन करतोय. कडा कसरीनं खाल्ल्यात, पण तक्ते शाबूत आहेत.

सराफ्यातलं घुबड:
टाका इथे. नमुना लहान असेल तर तळाशी बसवू, रागवायचं नाही.