व्हिएतनाममधले ऑस्ट्रेलियन आणि किवी सैनिक: जंगलात खरंच भारी होते की नुसती फुशारकी?

अर्धवटराव

नमस्कार मंडळी. व्हिएतनाम युद्ध म्हटलं की अमेरिकन सैनिक, हेलिकॉप्टरं आणि नापाम, यापलीकडे माझी गाडी जात नाही. पण परवा वाचता वाचता कळलं की १९६२ पासून पुढच्या दहा वर्षांत ऑस्ट्रेलियाचे जवळपास ६०,००० लोक तिथे जाऊन आले, ५०० च्या वर मेले, आणि न्यूझीलंडचेही ३,००० च्या वर गेले होते. आता प्रश्न असा की या दोघांचं तिथे काय अडलं होतं? आणि दुसरं म्हणजे ऑस्ट्रेलियन मंडळी जिथे तिथे लिहितात की आम्हाला जंगलातली लढाई अमेरिकनांपेक्षा चांगली कळायची, आमचं तंत्रच वेगळं होतं वगैरे वगैरे. यात तथ्य किती आणि बाता किती? आणि किवी एवढे मूठभर, ते काय फक्त झेंडा दाखवायला गेले होते का? लिंका डकवू नका प्लीज, चार वाचल्या आणि डोकं उठलं, कोणीतरी नीट समजावून सांगा.

कर्नल नाही मी

काय अडलं होतं ते आधी उरकतो, त्यात फार गूढ नाही. ब्रिटनचा त्या भागातला जोर ओसरत चालला होता आणि उद्या आपल्यावर काही आलं तर धावून येणारं कोणीतरी हवं, म्हणजे अमेरिका. १९५१ चा अँझस करार, म्हणजे या तिघांचा संरक्षण करार, होताच. शिवाय कम्युनिस्टांना घरापासून लांबच अडवायचं हे दोन्ही सरकारांचं धोरण होतं. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मेन्झीस यांनी एप्रिल १९६५ मध्ये अख्खी बटालियन पाठवायची घोषणा केली. न्यूझीलंडचे पंतप्रधान होलीओक मनातून नाखूषच होते, पण दोन्ही मित्रांना नाही म्हणता येईना, मग आधी थोडे इंजिनियर, नंतर एक तोफांची बॅटरी असं हात आखडून दिलं.

आता तंत्राचं. यात तथ्य आहे, आणि त्याचं मूळ मलायात आहे. १९५० च्या दशकात हेच दोन देश ब्रिटिशांबरोबर मलायाच्या जंगलात कम्युनिस्ट गनिमांच्या मागे फिरत होते, मग १९६५-६६ ला बोर्निओ बेटावरचं जंगल. म्हणजे व्हिएतनामला पोचले तेव्हा त्यांच्या बऱ्याच सार्जंट लोकांनी जंगलात वर्षं काढलेली होती. वर क्वीन्सलंडमध्ये कनुंग्राला जंगल ट्रेनिंगची शाळा होती, व्हिएतनामला जायच्या आधी तिथून पार पडावं लागायचं.

प्रत्यक्ष गस्त कशी असायची ते बघा. पायवाट दिसली की तिच्यावरून जायचं नाही, कारण सुरुंग आणि ॲम्बुश तिथेच असतात. बांबू-वेली कोयत्याने सपासप तोडायच्या नाहीत, आवाज लांबवर जातो, म्हणून बरेच जण खिशात बागेतली फांद्या छाटायची कात्री ठेवायचे आणि एकेक वेल हळूच कापून पुढे सरकायचे. बोलणं बंद, सगळं हाताच्या खुणांवर, सगळ्यात पुढच्या स्काउटने अंगठा खाली केला की शत्रू दिसला. हेल्मेटच्या जागी कापडी टोपी, कारण हेल्मेटखाली ऐकू नीट येत नाही. अशा चालीने कधीकधी दिवसभरात एखाद-दोन किलोमीटरच व्हायचे. संध्याकाळी आणि पहाटे अख्खी कंपनी बंदुका रोखून गप्प पडून राहणार, उजेड बदलताना हल्ला व्हायची भीती असते म्हणून. अमेरिकन मोठ्या तुकड्यांचा खाक्या साधारण उलटा होता, शत्रूने गोळीबार करावा म्हणजे तो कुठे आहे ते कळेल आणि मग तोफा-विमानं बोलवून त्याचा चुराडा करायचा. १९६५ ला पहिली ऑस्ट्रेलियन बटालियन बिएन होआला अमेरिकन १७३ व्या एअरबोर्न ब्रिगेडबरोबर होती तेव्हाच हे दोन खाके एकमेकांना पटेनात, आणि १९६६ ला ऑस्ट्रेलियनांनी स्वतंत्र प्रांत मागून घेतला, फुओक तुई, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावच्या आग्नेयेला. न्यूई दात टेकडीभोवती मुख्य तळ, आणि समुद्रकाठी वुंग ताऊला रसद.

फटकळ

कर्नलसाहेब, छान लिहिलंत, पण हे सगळं वाचून वाटेल की हे लोक म्हणजे जंगलातले ऋषीमुनी. न्यूई दात सुरक्षित करायला आजूबाजूची लाँग तान आणि लाँग फुओक ही गावं रिकामी केली, माणसं हुसकून दुसरीकडे नेली, हे का नाही लिहीत कोणी? गावकऱ्यांची मनं जिंकायला आलात आणि पहिलं काम काय तर त्यांची घरं घेतली.

आणि १९६७ चा सुरुंगपट्टा! ऑस्ट्रेलियन ब्रिगेडियर ग्रॅहम यांनी दात डो गावापासून समुद्रापर्यंत साधारण ११ किलोमीटरचा पट्टा घातला, २०,००० च्या वर अमेरिकन बनावटीचे एम-१६ सुरुंग, तेच जे पाय पडल्यावर कमरेइतके वर उडून फुटतात. कल्पना अशी की डोंगरातले गनिम आणि भाताची गावं यांच्यात भिंत घालायची. पण भिंतीवर पहारा कोणाचा? तो दक्षिण व्हिएतनामी तुकड्यांनी द्यायचा होता, आणि त्यांनी तो धड दिलाच नाही. गनिम रात्री यायचे, सुरुंग कसा काढायचा ते जीव देऊन शिकले आणि हजारो सुरुंग उचलून नेले, मग तेच सुरुंग लाँग हाय डोंगरात ऑस्ट्रेलियन आणि किवींच्याच वाटेवर पुरले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. किती पोरांचे पाय गेले आणि किती मेली त्यात. पुढे तो पट्टा स्वतःच साफ करत बसायची वेळ आली. हे पण त्या 'आम्हाला जंगल कळायचं' मध्ये धरा.

हिरवा रावा

फटकळ यांच्याशी सहमत, सुरुंगांचं प्रकरण नेहमी झाकलं जातं.

मी फक्त किवींबद्दल लिहिते कारण झेंडा दाखवायला वगैरे वाचून हसू आलं. अर्धवटराव, लाँग तानची लढाई वाचा, १८ ऑगस्ट १९६६. त्याच्या आदल्या दिवशी पहाटे न्यूई दातवर मॉर्टरचे गोळे पडले होते, ते कुठून आले ते शोधायला ६ व्या बटालियनची डी कंपनी तळाच्या पूर्वेला रबराच्या मळ्यात गेली. १०८ जण, त्यात तिघे किवी. आणि समोर निघाली जवळजवळ रेजिमेंट. (तळावर त्याच दुपारी कॉल जॉय आणि लिटल पॅटी यांचा गाण्यांचा कार्यक्रम चालू होता, आणि गाण्यांच्या मधेच तोफा धडाडायला लागल्या.) वरून मान्सूनचा असा पाऊस की चिखल उडून जमिनीलगत लाल धुकं तयार झालेलं, समोरचं माणूस दिसेना. ११ वी प्लॅटून पुढे अडकली, तिचा लेफ्टनंट मेला.

आता ते तिघे किवी कोण, तर कॅप्टन मॉरी स्टॅन्ली आणि त्यांचे दोन साथीदार, तोफखान्याचे पुढचे निरीक्षक. म्हणजे कंपनी कमांडर मेजर हॅरी स्मिथच्या शेजारी चिखलात बसून, भिजलेल्या नकाशावर, डोळ्यांना काही दिसत नसताना नुसत्या रेडिओवरच्या वर्णनावरून आणि स्फोटाच्या आवाजावरून २४ तोफांचा मारा इकडून तिकडे हलवत राहायचं, तोही आपल्याच माणसांच्या इतका जवळ की एक आकडा चुकला तर आपलीच कंपनी साफ. त्या २४ मध्ये १६१ बॅटरीच्या किवी तोफा होत्या, ऑस्ट्रेलियन होत्या आणि अमेरिकनांच्या मोठ्या १५५ मिमीच्या पण होत्या. तीनेक तासांत ३,००० च्या वर गोळे गेले. काडतुसं संपत आली तेव्हा दोन हेलिकॉप्टरं झाडांच्या शेंड्यांवर येऊन ब्लँकेटात गुंडाळलेल्या पेट्या टाकून गेली. अंधार पडताना चिलखती गाड्या पोचल्या तेव्हा हल्ला मोडला. १८ ऑस्ट्रेलियन मेले, मळ्यात समोरच्यांची २४५ प्रेतं मोजली गेली.

म्हणजे गंमत बघा, ज्या लढाईवर 'आमच्या जंगल-तंत्राची' सगळी मिजास चालते ती प्रत्यक्षात तोफांनी वाचवली.

नंतर १९६७ पासून पायदळ पण आलं, मलेशियातल्या तेरेंडाक छावणीतल्या किवी बटालियनमधून, व्हिक्टर आणि व्हिस्की नावाच्या कंपन्या, त्यांच्यात माओरी पोरं भरपूर होती. १९६८ पासून त्या ऑस्ट्रेलियन बटालियनमध्येच मिसळल्या आणि बटालियनच्या नावापुढे 'अँझॅक' (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एकत्र फौजेचं जुनं नाव) लागलं. एकूण ३७ किवी सैनिक तिथे मेले. देशाच्या मानाने हा आकडा झेंडा दाखवण्याचा नाही.

अर्धवटराव

बाप रे, पावसात आवाजावरून तोफा हलवणं हे डोक्यात बसायलाच वेळ लागतोय. हिरवा रावा, मनापासून आभार, आणि झेंड्याचा शब्द मागे घेतला. आता एक उपप्रश्न, हे सगळे पोटासाठी फौजेत आलेले पगारी सैनिक होते की पकडून आणलेले? कारण ऑस्ट्रेलियात लॉटरीने सैनिक निवडायचे असं काहीतरी वाचलं आणि विश्वास बसेना.

सांजवारा

विश्वास ठेवा. २० वर्षांच्या मुलांनी नाव नोंदवायचं आणि मग एका पिंपातून लाकडी गोट्या काढायच्या, प्रत्येक गोटीवर तारखेचा आकडा, तुमच्या वाढदिवसाची गोटी निघाली की तुम्ही दोन वर्षं सैन्यात. असे ६३,००० च्या वर मुलगे घेतले आणि त्यातले १५,००० च्या आसपास व्हिएतनामला गेले, त्यातले साधारण २०० परत आले नाहीत. न्यूझीलंडने मात्र सक्तीने एकालाही पाठवलं नाही, त्यांचे सगळे नेहमीचे सैनिक किंवा स्वतःहून आलेले. त्यामुळे तिथे निदर्शनं झाली तरी ऑस्ट्रेलियासारखा घराघरात जाळ नव्हता. ऑस्ट्रेलियात १९७० च्या मोराटोरियम म्हणजे युद्धविरोधी मोर्च्यांना एकट्या मेलबर्नमध्ये लाखाच्या घरात माणसं होती असं सांगतात, आणि आया पण होत्या त्यात, नुसते कॉलेजची पोरं नाही.

परत आल्यावर सगळ्यांचंच थुंकून स्वागत झालं असं जे सांगतात ते मला थोडं रंगवलेलं वाटतं, कारण बटालियन जहाजाने आली की शहरात संचलन व्हायचं आणि बऱ्याचदा लोक टाळ्याही वाजवायचे. पण ज्याची वर्षाची मुदत मधेच संपली तो एकटा विमानात बसायचा, रात्री उतरायचा, आणि आठवडाभरात परत बँकेच्या नाहीतर दुकानाच्या काउंटरवर. सोबत होता तो माणूस अजून तिकडे जंगलात, आणि इकडे जुन्या सैनिकांच्या क्लबात दुसऱ्या महायुद्धवाले म्हातारे म्हणणार की तुमचं ते काय युद्ध. मला विचाराल तर शिव्यांपेक्षा हे वाईट. ऑस्ट्रेलियाने मोठी 'वेलकम होम' परेड काढली ती ऑक्टोबर १९८७ मध्ये, सिडनीला. न्यूझीलंडने तर मे २००८ पर्यंत वाट बघायला लावली, तेव्हा हेलन क्लार्क पंतप्रधान होत्या आणि सरकारने माफी मागितली.

एजंट ऑरेंज, म्हणजे जंगलाची पानं झडवायला अमेरिकनांनी फवारलेलं रसायन, त्यावर तर वेगळा धागा होईल. १९८५ ला ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने त्या रसायनाला जवळजवळ क्लीन चिट दिली आणि सैनिक भडकले, पुढे न्यूझीलंडच्या संसदीय समितीने मान्य केलं की आपल्या लोकांवर ते पडलं होतं. तोपर्यंत अनेक जण गेलेही होते.

फटकळ

आणि व्हिएतनामी लोकांवर किती पडलं त्याचं काय? ते तर तिथेच राहतात. असो.

कर्नल नाही मी

फटकळ, गावांचं आणि सुरुंगांचं तुमचं म्हणणं मान्य, ते लिहायला हवंच.

अर्धवटराव, एकच भर. हे लोक फक्त गुपचूप गस्त घालत होते असं समजू नका, कॉरल आणि बालमोरल या दोन तळांवरच्या लढाया बघा. मे-जून १९६८, स्वतःचा प्रांत सोडून सायगावच्या उत्तरेला, उघड्या माळावर तोफांचे तळ टाकून बसले आणि उत्तर व्हिएतनामच्या फौजेने रात्री समोरासमोर येऊन हल्ले केले. कॉरलला पहिल्याच रात्री शत्रू तोफांपर्यंत घुसला आणि एक तोफ काही वेळ त्याच्या ताब्यात होती. बालमोरलला सेंच्युरियन रणगाडे आले म्हणून निभावलं. तीन-साडेतीन आठवड्यांत २५ ऑस्ट्रेलियन मेले, लाँग तानपेक्षा जास्त, पण नाव कोणाला माहीत नसतं. तिथल्या रिचर्ड नॉर्डन या प्रायव्हेटला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला तो थेट २०२४ मध्ये, तोपर्यंत व्हिएतनामचे चारही क्रॉस ट्रेनिंग टीमच्या लोकांचे होते.

तर तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं की छोट्या तुकडीने जंगलात फिरणं, थांबणं, दबा धरणं, यात ते खरंच सरस होते. प्रांत ताब्यात ठेवणं हे वेगळं काम आहे आणि त्यात कोणीच सरस ठरलं नाही. १९७१ च्या अखेरीस न्यूई दात सोडलं आणि गनिम परत गावांत दिसायला लागले.

अर्धवटराव

समजलं. आता कॉरल-बालमोरल शोधतो. ट्रेनिंग टीम म्हणजे ते १९६२ ला आधी गेलेले ३० सल्लागारच ना? त्यांच्यावर कोणी लिहिणार असेल तर वेगळा धागा काढा, मी वाट बघतोय.