गाण्याच्या मधेच पट्टी कशी बदलायची?

एक गाणं लिहितोय, सी मेजरमधे आहे, शेवटच्या ध्रुवपदाला डी मेजरला जायचंय पण बदलताना असा धक्का बसतो की जणू दुसरंच गाणं सुरू झालं. काय करू?

— डायरेक्ट उडी मारतोयस का? आधी ए सेव्हन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजव, एक पूर्ण बार (तालाचं एक आवर्तन). त्यातला सी शार्प हा सूर तुझ्या जुन्या पट्टीत नाहीच, तो कानाला डीकडे खेचतो. अजून स्मूथ हवं तर जी, ई मायनर, ए सेव्हन, डी अशा कॉर्ड्सनी जा, कारण जी आणि ई मायनर दोन्ही पट्ट्यांत आहेत, त्यामुळे बदल कधी झाला तेच कळत नाही.

— वरचं बरोबर आहे, पण धक्का वाईटच असतो असं कोण म्हणालं? शेवटच्या ध्रुवपदाला कधीकधी तोच हवा असतो. फक्त गाणाऱ्याचा वरचा सूर आधी तपासा, पट्टी दोन सेमीटोन (अर्धे सूर) चढली की तोही चढणार आणि मग रेकॉर्डिंगला घसा फाटतो (अनुभव आहे 😅).

— ई मायनरवालं करून बघितलं, जमलं!! आता गाणारी वैतागलीये, पूर्ण गाणंच एक सूर खाली घेतोय.