नौपाड्यातल्या भाजणीच्या दुकानासाठी मार्केटिंग एजन्सी लावावी का?

कढीलिंब
नौपाड्यात सासऱ्यांचं भाजणी, मसाले आणि फराळाचं दुकान आहे, ३२ वर्षांचं. वर्षभर मीही गल्ल्यावर बसतेय. आजवरची जाहिरात म्हणजे दिवाळीआधी पेपरात टाकायला दिलेली पत्रकं आणि पाडव्याच्या स्वागतयात्रेच्या वाटेवर एक फ्लेक्स. पण आसपासच्या इमारती पुनर्विकासाला गेल्या, जुनं गिऱ्हाईक घोडबंदर रोडला पांगलं. एका एजन्सीने महिना ३०,००० सांगितलेत, आठ रील्स आणि बारा पोस्ट. बाबा म्हणतात, "भाजणी खमंग आहे की नाही हे रीलमध्ये कसं कळणार?" मला उत्तर सुचलं नाही. ठाण्यातली एखादी चांगली एजन्सी सुचवाल का?

टॉवरवाला_काका
रील-बील राहू दे. तुमचं ते पांगलेलं गिऱ्हाईक म्हणजे मीच. राम मारुती रोडच्या मागे राहायचो, आता कासारवडवली. भाजणीसाठी माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये कोण अडकणार? घरपोच देता का, ते सांगा.

तुर्भेकर
ताई, एजन्सी सुचवत नाही, माझं काय झालं ते सांगतो. वाशीत शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. २०२२ मध्ये एजन्सी लावली. फोटो झकास काढले. पण इन्स्टाग्रामचं पान आणि गूगल मॅपवरची दुकानाची नोंद, दोन्ही त्यांनी स्वतःच्या ईमेलवरून उघडली. त्यांना सोडल्यावर पासवर्ड मिळायला दोन महिने गेले, तेही मे-जून, आमचा ऐन हंगाम. चूक माझीच. "तुम्ही बघून घ्या" म्हणालो होतो, त्यांनी बघून घेतलं. लाइक इंदूरहून येत होते आणि नेरुळच्या आयांना दुकानाचा पत्ता नव्हता.

आता मॅपवरची नोंद माझ्या नावावर आहे. फुकट असते ती. प्रत्येक तक्रारीला मीच उत्तर देतो, शिवण उसवल्याचीही. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग टाकलाय. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, म्हणून बिलावर शिक्का मारतो: "हा नंबर सेव्ह करा". पैसे देऊन जाहिरात करायचीच तर ठरावीक भागापुरती लावता येते, तुमच्यासाठी फक्त घोडबंदर. वर १८ टक्के जीएसटी धरा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या दुकानदारांसाठीची, उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची) असाल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही.

आणि आठ दिवस प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, दुकान कसं कळलं? हे एजन्सी विचारणार नाही. गल्ल्यावर तुम्ही बसता.

रविवारी_लिहिणारी
मी एजन्सीतच नोकरी करते, म्हणून इथे टोपणनाव. तुर्भेकरांचं पटलं, पण मालकाने रात्री रील कापत बसावं असंही नाही. तेवढ्यापुरते हात भाड्याने घ्या. फूड ब्लॉगरला पैसे किंवा फुकट डबा दिलात तर ती जाहिरात असल्याचं त्याने लिहायला हवं, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेच्या २०२१ पासून तशा सूचना आहेत. "रिव्ह्यू द्या, चकली न्या" नकोच, गूगलच्या नियमात बसत नाही.

बाकी आम्ही आज 'कंटेंट मार्केटिंग' म्हणून जे विकतो, म्हणजे थेट जाहिरातीऐवजी वाचण्या-बघण्याजोगं काही देऊन गिऱ्हाईक जोडणं, ते किर्लोस्करवाडीत १९२० सालीच झालंय. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' काढलं, पुढे तेच 'किर्लोस्कर' मासिक म्हणून घरोघरी गेलं. संपादक शंकरराव, म्हणजे घरचाच माणूस. तुम्हीही बाबांसमोर फोन धरा आणि कोणतं धान्य किती भाजायचं ते त्यांना बोलू द्या. खमंगपणा दिसत नाही, पण भाजणाऱ्याचा हात दिसतो.

कढीलिंब
आठ दिवस विचारलं. २३ नवी गिऱ्हाइकं आली. पत्रक वाचून दोन, कोणीतरी सांगितलं म्हणून दहा, आणि अकरा जण मॅपवर "भाजणी" शोधून! तिथे आमचं दुकान आठला बंद होतं असं लिहिलंय. आम्ही साडेनऊपर्यंत असतो. ही वेळ कोणी टाकली देव जाणे. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे दीड तास आपण असून नाही?" आणि पहिल्यांदाच माझा फोन स्वतः हातात घेतला.

एजन्सीला तूर्तास थांबवलंय. शनिवारी पुतण्या स्कूटर घेऊन घोडबंदरला जाणार आहे. काका, अर्धा किलो की एक?